जिनाचे लॉफ्ट खुशाल करा, पण मे महिन्यात वर झोपून दाखवा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या गावातल्या स्टेशनरोडच्या जुन्या जिनाची, म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी काढायच्या कारखान्याची, बातमी आली आणि त्याच पानावर खाली जाहिरात पण होती, की आता तिथं म्हणे मॉडर्न लॉफ्ट अपार्टमेंट (कारखान्याच्या उंच हॉलात माळा टाकून केलेली घरं) होणार. चित्रात उघड्या विटांची भिंत, काळं लोखंड, जमिनीपासून छपरापर्यंत काच, आणि काचेजवळ कॉफीचा मग घेऊन बसलेली एक बाई, अंगात स्वेटर! खान्देशात स्वेटर घालायचे दिवस किती असतात हे तुम्हाला पण माहीत आणि मला पण. ते चित्र कुठल्यातरी थंड गावातून उचललंय हे उघड आहे, त्याला माझी हरकत नाही, जाहिरातीत सगळेच उचलतात, पण नकाशा पण तिथलाच उचललाय की काय अशी शंका आली म्हणून हे पत्र.

आधीच सांगतो, मी या कामाच्या विरोधात नाही. उलट जिन पाडणार नाही, तसंच ठेवून आत घरं करणार असं वाचलं तेव्हा बरं वाटलं, कारण आपल्याकडे जुनं बांधकाम म्हटलं की पहिला विचार जेसीबीचाच. जळगावला स्टेशनजवळची खान्देश मिल गेली आणि जागेवर मॉल आला, नावात तेवढं खान्देश राहिलं. अमळनेरची प्रताप मिल, चाळीसगावची मिल, धुळ्याची मिल, एकेका गावाचं घड्याळ त्यांच्या भोंग्यावर चालायचं, आता पोरांना भोंगा म्हणजे काय ते पण सांगावं लागतं. तर एखादा माणूस म्हणत असेल की मी भिंती ठेवतो, तर त्याला पहिल्याच दिवशी झोडपायचं नाही. पण आयुष्यभर बांधकामाची एस्टिमेटं काढत आलोय, त्यामुळे चित्रापेक्षा सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, आधी बघायची खोड आहे, आणि बुकिंग ऑफिसात जाऊन मी सेक्शन मागितला तर तिथल्या पोरानं मला थ्रीडी व्हिडिओ लावून दिला. पोरगा बिचारा चांगला होता, चहा पण पाजला, सेक्शन मात्र नाही मिळाला. भिंतीवर टांगलेल्या प्लानवरून जेवढं कळलं त्यावर बोलतो.

ज्यांनी जिन आतून बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस मँचेस्टरला जाणं बंद पडलं आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ करत पुढे गेली. मग स्टेशन तिथं जिन आणि जिन तिथं रुईच्या गठाणी दाबायचा प्रेस असं गावोगाव सुरू झालं. आपल्या खान्देशात जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी स्टेशनच्या बाजूला लांबलचक शेडा दिसतात त्या या धंद्याच्या. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम, बैलगाड्यांच्या रांगा पार वेशीपर्यंत, आणि आवारात कपाशीच्या गंज्या. आमच्या जिनात वरच्या मजल्यावर जिनच्या यंत्रांची रांग होती, खालून शाफ्ट फिरायचा, पट्ट्यावर सगळी यंत्रं चालायची, वर कपाशी टाकायची, रुई एकीकडे आणि सरकी खाली. शेजारी प्रेस हाऊस, ते उंच, कारण गठाण दाबायचा प्रेसच तेवढा उंच.

आता बघा, ही इमारत राहायला नव्हती बांधली, पण बांधणाऱ्याला खान्देशचा उन्हाळा पक्का माहीत होता. भिंती दोन-दोन फूट, खाली काळा दगड, वर वीट, सगळं चुन्यात. खिडक्या पश्चिमेला जवळपास नाहीतच, आहेत त्या उत्तर-दक्षिणेला आणि बऱ्याच वर. छपराच्या कण्यावर एक लांब उचललेला भाग आहे, दोन्ही बाजूंनी झडपा, आत रुईची धूळ उडायची आणि गरम हवा चढायची ती तिथून बाहेर जायची. गाड्या उभ्या राहायच्या त्या बाजूला खोल पडवी, म्हणजे भिंतीला ऊन लागतच नाही. बापाच्या डब्याच्या निमित्तानं लहानपणी आत गेलोय, दुपारी खाली शाफ्टच्या गल्लीत गार वाटायचं आणि जिना चढून वर गेलं की भट्टी. हे मुद्दाम सांगतोय, कारण सगळी गोम इथंच आहे.

लॉफ्ट ही राहायची पद्धत आली न्यूयॉर्कहून. तिथं सोहो भागातल्या कारखान्यांच्या इमारती रिकाम्या पडल्या, भाडं कमी, जागा मोठी, म्हणून १९६० च्या सुमारास चित्रकार, शिल्पकार वगैरे मंडळी आत घुसून राहायला लागली, बऱ्याच ठिकाणी कायद्यानं परवानगी नसताना. पुढे १९७१ साली कलाकारांना तिथं राहायची परवानगी मिळाली आणि १९८२ साली लॉफ्ट कायदाच झाला, की ठीक आहे, राहा, पण आगीपासून बचाव, पाणी, उजेड हे मालकानं नियमात आणून द्यायचं. मग श्रीमंत आले आणि ज्या चित्रकारांमुळे ते नाव झालं त्यांनाच भाडं परवडेना, ती वेगळी गंमत. मुद्दा असा की तिथं सहा महिने थंडी. मोठी काच म्हणजे ऊन आत येणार, ते त्यांना हवंच असतं. उंच खोलीत गरम हवा वर जाते, म्हणून वरच्या माळ्यावरचा पलंग म्हणजे सगळ्यात उबदार जागा, हिवाळ्यात चैनच.

तेच गणित इथं लावा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ ला जातो आणि बातमीत मग रस्त्यावर कुणीच नसल्याचा फोटो येतो. दुपारी पत्र्याला हात लावला तर फोड येतो. प्लानमध्ये काय केलंय, तर बावीस-चोवीस फुटी हॉलमध्ये दहा फुटांवर एक स्लॅब, खाली हॉल-किचन, वर मास्टर बेडरूम. म्हणजे घरातली सगळ्यात गरम हवा जिथं जाऊन साठणार बरोबर तिथं माणसाला झोपवणार, डोक्यावर पत्रा, आणि कण्यावरच्या त्या झडपा? त्या बंद. चित्रात तिथं छान सपाट पांढरं सिलिंग आहे आणि त्यात लाइटी. ज्या एका गोष्टीमुळे ती शेड सुसह्य होती तीच बुजवली. वर पश्चिमेची भिंत फोडून काच, कारण तिकडून म्हणे सनसेट दिसतो. दिसेल ना, चार वाजल्यापासून सातपर्यंत अंगावर घेऊन बघावा लागेल.

आमच्या गल्लीत एक आजी आहेत, जिनात कपाशी निवडायला जायच्या. त्यांना मी प्लान समजावून सांगितला तर त्या हसायलाच लागल्या, म्हणे, "वर कोन जपी भो? तठे ते हिवाळामा बी घाम निंघे." (जपी म्हणजे झोपेल.) आर्किटेक्टची फी न घेता दिलेला सल्ला आहे, बिल्डरसाहेबांनी लिहून घ्यावा.

यावर बुकिंग ऑफिसचं उत्तर ठरलेलं, एसी आहे ना सर. आहे. पण दोन मजली उंचीची मोकळी खोली गार करायची म्हणजे किती टनाचा एसी आणि बिल किती याचा हिशोब जाहिरातीत नाही. आपल्याकडे निम्म्या गावाचा उन्हाळा कूलरवर निघतो आणि तो निघतो याचं कारण आपली हवा कोरडी, ओल्या गवतातून गेली की गार होते. पण कूलरला बाहेरची हवा लागते, खिडकीबाहेर बसवावा लागतो, आणि समोरून हवा निघायला वाट लागते, नाहीतर अर्ध्या तासात घर दमट होऊन पापड सादळावा तसं सगळं सादळतं. फिक्स काचेच्या घरात कूलर चालत नाही. लाइट गेली (आणि आमच्याकडे वळवाच्या वाऱ्यात जातेच) तर ती काच उघडता पण येत नाही.

आणि गच्ची! मला वाटतं याचा विचारच कुणी केलेला नाही. खान्देशात एप्रिल-मे मध्ये घर म्हणजे गच्ची. संध्याकाळी पाणी मारायचं, आठ-साडेआठला अंथरूण टाकायचं, पहाटे तर चादर लागते. कुरडया, पापड, शेवया, वर्षाचं सगळं वाळवण तिथंच. लग्नघरचे पाहुणे तिथंच. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांमध्ये पण आपली माणसं वर झोपत आली. उतरत्या पत्र्याच्या घराला गच्ची नाही. चाळीस-पन्नास फ्लॅट, एकाला पण रात्री अंग टाकायला उघडी जागा नाही, हे आपल्या हवेत राहणाऱ्या माणसाला कोणी विकू नये.

मग करायचं काय, तर फार अवघड नाही, आणि हे मी बिल्डरच्या बाजूनंच सांगतोय. झोपायचं खाली ठेवा. जाड भिंतीच्या आत, खालचा मजला दुपारी सगळ्यात गार, तिथं बेडरूम. वरच्या माळ्यावर सामान, पोरांचा अभ्यास, हिवाळ्यातली बैठक, काय वाटेल ते. कण्यावरच्या झडपा दुरुस्त करून चालू ठेवा, खालून दोरीनं उघडतील अशा, त्यात जाळी लावा पाखरं-वटवाघळं येऊ नयेत म्हणून. पत्र्याखाली मध्ये हवेची पोकळी सोडून दुसरं छत द्या, पोकळीत इन्सुलेशन, आणि पोकळीची गरम हवा पण कण्यातून बाहेर. पत्रा वरून पांढरा करा, आपण गच्चीला उन्हाळ्याआधी चुना मारतो त्याचंच कारण इथं पण लागू. पश्चिमेला हात लावू नका. पडवी काढू नका, तीच घरांचं अंगण होईल. आणि जाड भिंत दिवसभर ऊन पिते ते रात्री आत सोडते, म्हणून रात्री खिडक्या उघडता यायलाच पाहिजेत, फिक्स काच चालणार नाही. गच्ची पाहिजे तर मागच्या ऑफिसच्या इमारतीवर सपाट स्लॅब आहे, ती सगळ्यांची म्हणून ठेवा, कुणाचा प्रायव्हेट टेरेस म्हणून विकू नका.

पण एक अडचण आहे आणि ती कुणी बोलत नाही. रेरामध्ये (घरखरेदीच्या कायद्यात) कार्पेट एरिया, म्हणजे घराची आतली वापरायची जागा, मोजताना बाहेरची भिंत धरत नाहीत. म्हणजे दोन फुटी भिंत ठेवली तर ती जागा बिल्डरला विकता येत नाही, वर एफएसआयमध्ये (प्लॉटवर किती बांधायची परवानगी त्यात) जागा खाते. तीच भिंत पाडून सहा इंचाची केली की लांबच्या लांब शेडमध्ये कितीतरी चौरस फूट मोकळे होतात. त्यामुळे आज 'हेरिटेज वॉल' म्हणून जी जाहिरात चाललीये ती काम सुरू झाल्यावर 'स्ट्रक्चरली कमकुवत निघाली' असं होऊन पडली तर मला नवल वाटणार नाही. नंतर त्याच जागी नवीन भिंत बांधून तिच्यावर विटांच्या टाइल्स चिकटवतील, फोटोत फरक कळत नाही. म्हणून परवानगी देतानाच नकाशावर कुठली भिंत राहणार ते लाल शाईनं दाखवून घ्यावं, आणि पाडायची वेळ आलीच तर बाहेरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा रिपोर्ट मागावा, बिल्डरच्या पगारावरचा नको.

कामाच्या दोन-तीन गोष्टी पटकन. चुन्याच्या भिंतीला सिमेंट प्लास्टर करू नका, भिंतीतली ओल बाहेर निघत नाही आणि लोणा धरून वीट भुगा होते, चुनाच वापरा, करणारे गवंडी अजून मिळतात. आतले खांब ओतीव लोखंडाचे आहेत, ते दाब चांगला घेतात पण ठिसूळ असतात, साध्या लोखंडासारखं त्यांना वेल्डिंग करून नवीन गर्डर चिकटवायला जाऊ नका. नवा माळा जुन्या खांबांवर न टाकता स्वतःच्या पायावर उभा करा, आणि पाया म्हणजे आमच्याकडची काळी माती, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, तेव्हा मुरुमापर्यंत खाली जावंच लागेल. मागच्या शेडवरचे सिमेंटचे पत्रे जुने आहेत, त्यात ॲस्बेस्टॉस असणारच, ते हातोड्यानं फोडून ट्रॉलीत भरायचे नसतात, ओले करून आख्खे उतरवायचे, मजुरांना मास्क द्यायचे. आणि दोन जिने, प्रत्येक घराला दोन दिशांनी बाहेर पडता आलं पाहिजे. मुंबईला कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ ला आग लागली, गच्चीवरचं रेस्टॉरंट, १४ माणसं गेली. जुन्या मिलच्या आवारात नवीन मौज करायची तर त्याची आठवण ठेवूनच.

मुंबईचा विषय निघालाच तर, १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाख कामगार होते, पुढे मिलच्या जमिनींचा नियम १९९१ साली आला, एक तृतीयांश मोकळी जागा, एक तृतीयांश म्हाडाला (सरकारी घरबांधणी संस्थेला), उरलेली मालकाला. २००१ साली त्यात असा बदल झाला की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, बांधकामाखालची नाही, आणि लोकांच्या वाट्याचा तुकडा एकदम लहान झाला. सुप्रीम कोर्टानं २००६ साली तो बदल मान्य पण केला. तेव्हा शब्द कुठं बसतो यावर गिरणगावातल्या किती एकरांचं काय झालं हे आपल्याला माहितीये. आमचं जिन त्या मानानं चिमुकलं, पण नगरपालिकेनं अटी लिहिताना 'शक्यतो' आणि 'आवश्यकतेनुसार' हे दोन शब्द वापरू नयेत एवढंच सांगणं.

कामगारांचं म्हणाल तर जिनाचा कामगार हंगामी, त्याचं हजेरीबुक कुठं सापडायचं नाही, त्यात निम्म्या बाया, त्यांचं तर नावच नव्हतं, मुकादमाच्या वहीत एक रेघ. पण कायम असलेले फिटर, ऑइलमन, वॉचमन होते, त्यांच्यातल्या काहींचे पैसे बुडाले ते बुडालेच, माझ्या बापाचे पण त्यात होते, तो आता नाही. औद्योगिक झोनचा रहिवासी करायचा अर्ज आहे, तर कामगारांची देणी चुकती झाल्याचा दाखला अर्जाला जोडलाय का, एवढं नगरपालिकेनं जाहीर करावं. एक ओळीचं उत्तर आहे. आणि आवारातल्या चाळीत अजून सात-आठ घरं राहतात, त्यांचं काय ते प्लानमध्ये 'लँडस्केप गार्डन' असं लिहिलंय.

प्रेस हाऊसबद्दल माझी एक सूचना, तिथं क्लबहाऊस आणि जिम दाखवलंय. गावातली पोरं एमपीएससी, पोलीस भरतीच्या अभ्यासाला महिन्याचे पैसे भरून पत्र्याच्या गाळ्यात बसतात, फॅन गरम हवा फेकतो. प्रेस हाऊससारखी उंच, जाड भिंतींची गार जागा अभ्यासिकेला दुसरी नाही. ॲमेनिटी स्पेस (लोकांच्या सोयीसाठी सोडायची जागा) द्यावी लागणारच असेल तर हीच द्या, रस्त्याच्या बाजूनं वेगळं दार काढून. बिल्डर नाही म्हणेल असं नाही, विचारलंच नाही कुणी. आणि पाणी कुठून देणार हे पण विचारा, आमच्याकडे नळ किती दिवसाआड येतो ते गावाला माहितीये, थ्रीडी व्हिडिओत स्विमिंग पूल आहे.

झोनबदलाची नोटीस लागली की हरकती-सूचनांना एक महिना मिळतो, आणि ती अशा ठिकाणी लावतात की पेपरवाल्यांनी सांगितल्याशिवाय कळत नाही. तेव्हा तुम्हाला दोन विनंत्या. नोटीस निघाली की ती आतल्या पानावर बारीक टायपात न टाकता ठळक छापा. आणि जाहिरात तर तुम्ही छापणारच, तुमचा पण धंदा आहे, पण एकदा त्या जाहिरातीच्या शेजारी इमारतीचा उभा छेद, म्हणजे सेक्शन, मागून घेऊन छापा. त्यात पत्रा किती फुटांवर, पलंग किती फुटांवर, खोलीची उंची नियमातली २.७५ मीटर भरते का आणि मध्ये हवेला वाट आहे का, हे लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. बिल्डरला पण सांगा की सँपल फ्लॅट तयार झाला की उद्घाटन दिवाळीत न करता अक्षय्य तृतीयेला करा, आपल्याकडे आखाजीला तसंही सगळे घरी आलेले असतात, दुपारी तीनला बोलवा, एसी बंद ठेवून. मी येईन.

आपला,
स्टेशनरोडचा एक जुना वाचक
(नाव छापू नये ही विनंती)